ती पुस्तक चावते, मी वाचू कशी?

पत्र थोडक्यात: माझी लेक ७ महिन्यांची आहे. ती ३ महिन्यांची झाल्यापासून मी तिला रोज रात्री झोपवताना पुस्तक वाचून दाखवते. सुरुवातीला ती शांत पडून ऐकायची. गेल्या महिन्याभरात मात्र पुस्तक दिसलं की हिसकावते, कोपरा तोंडात घालते, मी वाचत असते तेच पान मिटते, नाहीतर सरकत निघून जाते. एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचून होत नाही. घरात १४ पुस्तकं जमली आहेत: अक्षरओळखीची, गोष्टींची, बटण दाबलं की आवाज येणारी, कापडी. सासूबाई म्हणतात, ‘एवढ्याशा जिवाला काय कळतंय? उगीच पुस्तकं फाडायची सवय लागेल.’ नवऱ्याचं म्हणणं, मोबाइलवर गोष्टी वाचून दाखवणारे व्हिडिओ लाव, निदान बघत तरी बसेल. त्याची मातृभाषा माझ्याहून वेगळी आहे, त्यामुळे कोणत्या भाषेतली पुस्तकं घ्यायची हाही प्रश्न आहे. माझी निवड चुकते आहे का? या वयाला नेमकी कोणती पुस्तकं घ्यावीत?

उत्तर:

तुमच्या पत्रातला ‘शेवटपर्यंत’ हा शब्द आधी बाजूला काढू या, कारण निम्मी काळजी त्या शब्दातून आली आहे. पुस्तक पहिल्या पानावर सुरू होतं आणि शेवटच्या पानावर संपतं, ही मोठ्यांची सवय. ७ महिन्यांच्या बाळाला पुस्तकाची सुरुवात आणि शेवट ठाऊकच नसतो. तिच्यासाठी एक उघडं पान, त्यावरचं एक चित्र आणि त्या चित्रावरून आलेला तुमचा आवाज एवढं मिळून एक वाचन होतं. मग पान मिटलं तरी वाचन झालेलंच असतं.

दुसरं गृहीत असं, की ३ महिन्यांची असताना ती ऐकायची आणि आता ऐकत नाही. तेव्हा ती शांत पडून असायची, कारण तिला दुसरं काही करताच येत नव्हतं. हात मनासारखा पुढे जात नव्हता, वस्तू धरून ठेवता येत नव्हती. आता हात हवा तिथे जातो, वस्तू या हातातून त्या हातात जाते, मान आणि पाठ सावरली आहे. समोर आलेली वस्तू धरायची, फिरवायची आणि तोंडात घालून पाहायची, हे या वयाचं मुख्य काम. पुस्तक त्यातून सुटेल कसं? तुम्ही ज्याला बिघाड म्हणता आहात ती वाढ आहे.

चावण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण बहुतेक घरांत वाचन इथेच थांबतं. बाळाच्या ओठांना आणि जिभेला त्याच्या बोटांपेक्षा जास्त बारीक कळतं. कोपरा तोंडात घालून ती त्याचा कडकपणा, धार, गुळगुळीतपणा जाणून घेते. शिवाय चित्र म्हणजे काय, हे तिला अजून उमगलेलं नाही. ज्यूडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९ महिन्यांची बाळं पुस्तकातल्या वस्तूंच्या फोटोंवर बोटं घासत होती, ती वस्तू पानावरून उचलायला पाहत होती. दीड वर्षांच्या पुढची मुलं मात्र त्याच चित्रांकडे बोट दाखवत होती. म्हणजे पानावरचा चेंडू हातात येत नाही, तो दाखवायचा आणि त्याचं नाव घ्यायचं, हे मूल हळूहळू शिकतं. पानाला हात लावून, थापट्या मारून शिकतं. पुस्तक हाताशी लागूच दिलं नाही, तर हा अनुभव मिळणार कुठून?

आता सासूबाईंचा प्रश्न. ‘काय कळतंय?’ हा प्रश्न वाजवी आहे आणि त्याचं उत्तरही आहे. १९८६ मध्ये अँथनी डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत काही स्त्रियांनी एकच उतारा रोज दोनदा मोठ्याने वाचला. जन्मानंतर बाळांच्या तोंडात चोखणी दिली आणि चोखण्याची लय बदलली की वेगळा उतारा ऐकू येईल अशी सोय केली. बाळं ओळखीच्या उताऱ्याकडे वळली, तो दुसऱ्याच बाईच्या आवाजात असला तरीही. अर्थ कळत नव्हताच. बोलण्याचा ठेका ओळखीचा झाला होता. पुढे २०१२ मध्ये एलिका बर्गेल्सन आणि डॅनियल स्विंगली यांनी दाखवलं, की ६ ते ९ महिन्यांची बाळंदेखील रोजच्या काही वस्तूंची आणि शरीराच्या अवयवांची नावं ऐकून योग्य चित्राकडे पाहतात. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं म्हणता येणार नाही.

फाडण्याबद्दल त्यांची काळजी रास्त आहे, पण तिचा इलाज पुस्तक लपवणं हा नव्हे. न फाटणारं पुस्तक तिच्या हातात आणि फाटणारं तुमच्या हातात, एवढी वाटणी केली की पुरे. आणि त्यांना येणारी बडबडगीतं, अंगाई, बोटं मोजण्याची गाणी यांनाही वाचनाइतकाच मान द्या. एखादं चित्रांचं पुस्तक त्यांच्या हातात देऊन ‘यातलं जे दिसेल त्यावर तुम्हाला आठवेल ते म्हणा’ असं सांगून पाहा. अक्षरं वाचावी लागत नाहीत म्हटल्यावर वडीलधाऱ्या माणसांचा संकोच जातो, आणि त्यांच्याकडचं गाण्यांचं धन पुस्तकापेक्षा कितीतरी मोठं असतं.

निवड करताना आधी स्वतःच्या तोंडाकडे पाहा

पुस्तक बाळासाठी घ्यायचं असलं तरी ते वाचणार तुम्ही आहात, आणि एकदा नव्हे, पन्नास वेळा. म्हणून निवडीची पहिली कसोटी अशी: पुस्तक हातात घ्या, मधलं कुठलंही पान उघडा आणि दोन पानं ऐकू येतील अशी वाचा. मनात नको, तोंडाने. जीभ अडखळली, श्वास कुठे घ्यायचा कळलं नाही, वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरली, तर ते पुस्तक खाली ठेवा. चित्रं कितीही गोड असली तरी दहाव्या वाचनाला तुमचा आवाज कंटाळेल, आणि बाळाला तो कंटाळा लगेच ऐकू येतो.

तान्ह्या मुलांच्या पुस्तकांत भाषांतरित पुस्तकं बरीच असतात. मूळ भाषेत यमक असतं, ठेका असतो; भाषांतरात फक्त माहिती उरते. ‘लाल चेंडू उडी मारत आहे आणि त्याला खूप आनंद होत आहे’ हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. आता हे म्हणून पाहा:

चेंडू आला गडगड गडगड,
दारावरती केली धडधड.

दुसऱ्यात पाय आपोआप हलतो. गडगड, टपटप, सळसळ, खुळखुळ, धपकन, झर्रकन असे शब्द मराठीत भरभरून आहेत. असे शब्द बाळाला फार भावतात, कारण त्यांत एकच आवाज पुन्हा येतो आणि तो ओठांवर दिसतोही. एका पानाला एक-दोन छोट्या ओळी, फार तर आठ-दहा शब्द, एवढं या वयाला पुष्कळ. तुमच्याकडच्या पुस्तकातला मजकूर नीरस असेल आणि चित्रं चांगली असतील, तर मजकूर खुशाल बदला. पानाच्या मागे पेन्सिलीने स्वतःची ओळ लिहून ठेवा, म्हणजे घरातला प्रत्येक जण तीच म्हणेल. छापलंय तसंच वाचायला हवं असा नियम नाही.

चित्रं

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं, म्हणजे कुशीतून आईच्या चेहऱ्यापर्यंतचं अंतर. काळ्या-पांढऱ्या ठळक आकृत्यांची पुस्तकं त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी. तुमच्या मुलीचे ते दिवस मागे पडले. तिला आता रंग चांगले दिसतात. या वयाला पानावर एकच वस्तू, मागे रिकामी किंवा सपाट रंगाची जागा आणि वस्तूची कड ठळक, असं चित्र हवं. एका पानावर बाजार भरलेला असेल, तर तुम्ही ‘कुत्रा’ म्हणताना ती छत्रीकडे पाहत असते आणि शब्द भलत्याच वस्तूला चिकटतो.

खरे फोटो असलेलं एखादं पुस्तक संग्रहात असू द्या. पॅट्रिशिया गानिया यांच्या २००८ च्या अभ्यासात सव्वा ते दीड वर्षांच्या मुलांना पुस्तकात पाहिलेली नवी वस्तू प्रत्यक्षात ओळखणं सोपं गेलं ते चित्र खऱ्यासारखं असताना. व्यंगचित्राच्या वळणाचं असलं की ते अवघड गेलं. म्हणून पहिल्या वर्षात चमचा चमच्यासारखा आणि मांजर मांजरासारखं दिसलेलं बरं. टोपी घालून सायकल चालवणारं मांजर दोन वर्षांनी जास्त रंगत आणेल. आणखी एक, बाळांच्या चेहऱ्यांचे मोठे फोटो असलेलं पुस्तक या वयात सहसा वाया जात नाही. हसणारं, रडणारं, जांभई देणारं बाळ दाखवत तुम्हीही तसाच चेहरा करा. असं पुस्तक घरीही होतं: घरातल्या माणसांचे सात-आठ फोटो, प्रत्येक पानावर एकच चेहरा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून वर प्लॅस्टिकचं आवरण. हे पुस्तक मात्र तुमच्या हातात धरूनच दाखवायचं. घरगुती आवरणाच्या कडा सुटतात आणि तो तुकडा तोंडात जाऊ शकतो.

खिडकी उघडली की आत चित्र, अशी झडपांची पुस्तकं एखाद-दुसरी चालतील. साधारण ८ महिन्यांच्या पुढे ‘गेलं... आलं!’ या खेळाची गोडी लागते आणि झडप तेच करते. पण सगळा संग्रह तसा नको. दीड ते तीन वर्षांच्या मुलांवरच्या अभ्यासात असं दिसलं, की ओढायच्या, उघडायच्या करामती असलेल्या पुस्तकातून मुलं शब्द कमी शिकतात. लक्ष चित्राच्या नावापेक्षा झडपेकडे जातं. झडप फाटलीच तर चिकटपट्टी लावू नका. ती सोलून तोंडात जाते. झडप पूर्ण कापून टाका. खालचं चित्र राहतंच.

बटणवाल्या पुस्तकांबद्दल स्पष्ट लिहिते. आवाजाच्या पुस्तकांत बऱ्याचदा गोल, चपट्या बटण बॅटऱ्या असतात. अशी बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आत गंभीर भाजतं. बॅटरीचं झाकण स्क्रूने घट्ट बसलेलं आहे का, आज रात्रीच पाहा. नुसतं नखाने उघडत असेल किंवा पुस्तक पडून कवच तडकलं असेल, तर ते घरात ठेवू नका. बॅटरी गिळल्याची शंका जरी आली, तरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. घरी उलटी करवू नका. झाकण पक्कं असेल तरी या पुस्तकाची दुसरी अडचण उरते: बटण बोलायला लागलं की आई गप्प होते.

अक्षरओळखीच्या पुस्तकाला अक्षरांसाठी आता काहीच काम नाही. चित्रं चांगली असतील तर ते चित्रांचं पुस्तक समजून वापरा.

पुस्तकाचं अंग

हातात द्यायचं पुस्तक जाड पुठ्ठ्याचं हवं. प्रत्येक पान सुमारे २ मिलिमीटर जाड, कोपरे गोल, लांबी-रुंदी साधारण १५ सेंटिमीटर, पानं १० ते १६. याहून मोठं पुस्तक तिच्या हातात मावत नाही आणि चेहऱ्यावर पडतं. उघडल्यावर ते जमिनीवर सपाट पडून राहायला हवं; आपोआप मिटणाऱ्या पुस्तकात तुमचा एक हात कायमचा अडकतो. पानाच्या कडेवर नख घासून पाहा. चकचकीत थर सुटायला लागला, तर लाळेने दोन दिवसांत पापुद्रे निघतील. पुठ्ठा कागदाच्या थरांचा असतो. तो भिजला की कोपरा फुगतो, मग मऊ पडतो, मग त्याचे लगदे सुटतात. चावण्यात धोका असलाच तर तो या शेवटच्या पायरीला. रोज एकदा कोपरे चिमटीत धरून पाहा. नुसता फुगला असेल तर पुस्तक पानं पसरून उभं वाळवा. थर सुटले असतील तर तेवढा भाग कात्रीने गोल कापा. कापूनही तुकडे निघत असतील, तर त्या पुस्तकाचं आयुष्य संपलं.

मणी, डोळे, गुंड्या, घुंगरू असं काही चिकटवलेलं असेल तर ओढून पाहा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी सुरक्षेच्या चाचणीत जे छोटं नळकांडं वापरतात त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्यात पूर्ण मावेल असा सुटा भाग घशात अडकू शकतो. घरी अंदाजासाठी: तुमचा अंगठा आणि तर्जनी जोडून होणाऱ्या लहान गोलातून जे आरपार जातं ते तिच्या हातात नको. कापडी पुस्तकं चावायला उत्तम, धुता येतात. फक्त लांब नाड्या कापून टाका. अंघोळीच्या प्लॅस्टिक पुस्तकात पाणी शिरलं की आत बुरशी धरते. दाबून पाहा, भोकातून पाणी किंवा काळे कण आले तर टाकून द्या. ओल्या फडक्याने पुसणं पुठ्ठ्याला पुरतं, पाण्यात बुडवू नका.

पातळ कागदाची मोठी, सुंदर चित्रांची पुस्तकं वर्ज्य नाहीत. ती तुमच्या हातात राहायला हवीत, एवढंच.

वाचायचं कधी आणि कसं

झोपेची वेळ सध्या तुमच्या विरोधात जाते आहे. दमलेलं बाळ आधी चाळवतं, मग चिडतं. त्यात हातातलं पुस्तक काढून घेतलं की रडं. वाचन दिवसा न्या: झोप झालेली, पोट भरलेलं, लंगोट कोरडा, अशी वेळ. दोन-तीन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. रात्री पुस्तक नको, अंधारात एखादं पाठ असलेलं गाणं म्हणा.

मांडीवर पाठ टेकवून बसवलं तर तिला पान दिसतं, पण तुमचा चेहरा दिसत नाही. ४ महिन्यांची बाळं बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहतात. ८ महिन्यांच्या सुमारास त्यांची नजर ओठांवर खिळते, कारण आवाज कुठून आणि कसा निघतो हे त्यांना पाहायचं असतं. म्हणून काही वेळा समोरासमोर बसा. तिला उशीच्या आधाराने बसवा, तुम्ही समोर पालथ्या पडा, म्हणजे चेहरे एका पातळीवर येतील. एक कापडी किंवा पुठ्ठ्याचं पुस्तक आधीच तिच्या हातात द्या. दुसरं तुमच्या हातात, गालाशेजारी धरलेलं.

मग असं होईल. तिच्या पुस्तकाचा कोपरा तिच्या तोंडात. तुम्ही पान उघडता: कुत्रा. ‘भू भू!’ म्हणता आणि थांबता. मनात पाचपर्यंत मोजा. हा थांबा बहुतेक जण गाळतात, आणि बाळाची पाळी नेमकी त्यातच असते. तिसऱ्या-चौथ्या आकड्याला तिचं चावणं थांबतं, ती तुमच्या ओठांकडे पाहते, मग पानावर तळहात आपटते. ‘हो, भू भू! त्याचे कान बघ, केवढे लोंबतात.’ ती पान ढकलून मिटते. ‘मिटलं! भू भू गेलं... आलं!’ आणि पान उघडता. पुन्हा मिटते, पुन्हा उघडता. चौथ्यांदा ती मान फिरवते, डोळे चोळते. तिथे थांबा. सगळं मिळून दीड मिनिट झालं असेल, आणि पुस्तकाचं एकच पान. त्या दीड मिनिटात तिने ऐकलं, पाहिलं, उत्तर दिलं, पान उलटलं आणि ‘पुरे’ असंही सांगितलं.

मान फिरवणं, पाठ ताठ करणं, जांभया, मुठी डोळ्यांवर ही ‘पुरे’ची भाषा. ती ओळखून थांबलात तर पुढच्या वेळी ती पुस्तकाकडे आपण होऊन येते. रेटून वाचलं की पुस्तक म्हणजे अडकवून ठेवणं, असं समीकरण तिच्या मनात बसतं.

बोट तिच्या नजरेमागे न्या. तुम्हाला चेंडू दाखवायचा आहे आणि ती कोपऱ्यातल्या छापील पानाच्या आकड्याकडे पाहते आहे? मग त्या आकड्याचंच नाव घ्या. तिचं लक्ष असतं तिथला शब्द रुजतो; ओढून आणलेल्या लक्षावर तो टिकत नाही.

आणि तेच तेच पुस्तक वाचायला कचरू नका. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात ३ वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टींपेक्षा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकून नवे शब्द जास्त लक्षात राहिले. तुमची मुलगी त्याहून बरीच लहान आहे, पण तिच्याही बाबतीत ओळखीच्या पानाआधी पाय झाडणं, हुंकार देणं हे थोड्याच आठवड्यांत दिसू लागेल. पुढे काय येणार हे ठाऊक असल्याचा तो आनंद असतो.

मोबाइल आणि दोन भाषा

तुमच्या नवऱ्याचं निरीक्षण बरोबर आहे: व्हिडिओसमोर ती जास्त वेळ बसेल. प्रश्न असा, की बसून तिला काय मिळेल? पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे फार बोलका आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या ९ महिन्यांच्या बाळांना मँडरिन भाषा बोलणारी माणसं १२ वेळा भेटली. दर वेळी साधारण २५ मिनिटं, त्यांतली १० पुस्तक वाचण्यात आणि उरलेली खेळण्यांत. ती बाळं त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखायला शिकली. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचे व्हिडिओ तेवढाच वेळ दाखवले. ती बाळं शिकली नाहीत. व्हिडिओ बाळासाठी थांबत नाही, त्याच्या हुंकाराला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही एक वर्षाखालच्या बाळांना स्क्रीन नको असंच सांगतात, आणि बसल्या वेळी मोठ्या माणसाने वाचून दाखवावं, गोष्ट सांगावी असं सुचवतात.

हाच प्रयोग भाषेच्या प्रश्नाचंही अर्धं उत्तर देतो. तुमच्या नवऱ्याने त्याच्या भाषेत वाचावं, तुम्ही तुमच्या. बाळाचा यात गोंधळ होत नाही. दोन भाषांचे ठेके ते फार लवकर वेगळे ओळखतं. प्रत्येक पुस्तक दोन्ही भाषांत घ्यायची गरज नाही. मजकूर नसलेली किंवा एकेका शब्दाची चित्रपुस्तकं दोघांनाही चालतात. कुत्रा तोच, हाक वेगळी. फक्त ज्याला जी भाषा मनापासून येते, त्याने तीत वाचावं. अडखळत, चाचपडत वाचलेल्या भाषेत लाड करता येत नाहीत. त्याला दिवसातली एक ठरलेली वेळ द्या आणि त्या वेळी तुम्ही खोलीत थांबू नका. शेजारी बसून सुधारणा करणारं कोणी असलं की नवखा वाचक दोन दिवसांत पुस्तक ठेवून देतो.

कोणी विचारेल, नुसत्या गप्पा मारल्या तर पुस्तकाची गरज काय? गप्पा, गाणी, अंगाला तेल लावताना केलेली बडबड हे सगळं मोलाचंच आहे, आणि एखादा दिवस पुस्तकाविना गेला तर काही बिघडत नाही. पण घरातलं बोलणं घरातल्या वस्तूंभोवती फिरतं. १०० चित्रपुस्तकांतले शब्द मोजून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की मुलांशी रोज बोलताना वापरतात त्यापेक्षा अधिक वेगवेगळे शब्द पुस्तकांत येतात. बेडूक, जहाज, वादळ, घुबड हे शब्द घरात सहज निघत नाहीत. पान उघडलं की निघतात.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा, आणि तिचा पुस्तकाच्या गोडीशी संबंध नाही. मागून हाक मारली तर ती वळत नसेल, मोठ्या आवाजाने दचकत नसेल, किंवा ९-१० महिन्यांपर्यंत ‘बाबाबा, दादादा’ अशी बडबड सुरू झाली नसेल, तर डॉक्टरांना सांगून कान तपासून घ्या. मूल अपुऱ्या दिवसांचं असेल, तर महिने मोजताना ते दिवस वजा करून मोजतात.

तुमची १४ पुस्तकं

नवं काही घेण्याआधी ही सगळी जमिनीवर मांडा आणि तीन ढीग करा. पहिला ढीग तिच्या हातात देण्याजोग्या पुस्तकांचा: पुठ्ठ्याची, कापडी, सुटे भाग नसलेली. यातली चारच बाहेर ठेवा, तिच्या हाताला पोचेल अशा उथळ टोपलीत, मुखपृष्ठ दिसेल अशी. उभी रचून ठेवली तर तिला फक्त कणे दिसतात आणि ती सगळी ओढून पाडते. दर आठवड्याला त्यातलं एक बदला, चारही एकदम नको, म्हणजे ओळखीचं काही हाताशी राहील. दुसरा ढीग तुमच्या हातातल्या पुस्तकांचा: कागदी पानांची, झडपांची. ती वरच्या फळीवर. तिसऱ्यात लांबलचक गोष्टी आणि अक्षरं. त्या पेटीत ठेवा आणि वर चिठ्ठी लावा, ‘दीड वर्षानंतर उघडणे’. तोवर ती आधी पुठ्ठ्याची पानं गठ्ठ्याने उलटेल, वर्षाच्या आसपास बोट दाखवू लागेल, मग एक दिवस पुस्तक घेऊन स्वतःच तुमच्या मांडीत येऊन बसेल आणि तेच पान आठ वेळा मागेल.

खरेदी करायचीच असेल तर पहिल्या ढिगात काय कमी आहे ते पाहून करा: चेहऱ्यांचं एक, खऱ्या फोटोंचं एक, मोठ्याने म्हणताना तोंडाला मजा येईल असं ठेक्याचं एक. आणि ज्या पुस्तकाचा कोपरा तिने सर्वांत जास्त चावला आहे ते टाकायची वेळ आली, तर त्याचीच दुसरी प्रत आणा.